अंगठ्याचं देणं

नेम धरायला अंगठा हे पाचांतलं सगळ्यात नालायक बोट. पकडायला, दाबायला, भार पेलायला तो उत्तम. बारीक काम मात्र तर्जनीचं. तरीही टीव्हीसमोर कंट्रोलर घेऊन बसलेला माणूस उजव्या अंगठ्याने नेम धरतो आणि तो बऱ्यापैकी लागतोसुद्धा. तो का लागतो, या प्रश्नावर माझं घर चालतं. सिअ‍ॅटलजवळच्या एका छोट्या कंपनीत मी गेमचे कंट्रोलर डिझाइन करते, त्यातही फर्स्ट पर्सन शूटर खेळणाऱ्यांसाठीचे. एकलव्याला गुरुदक्षिणेत अंगठा द्यावा लागला. माझ्या गुरूंनी उलट लोकांचे अंगठे माझ्या हवाली केले. त्यांतल्या काहींना मी कधी भेटलेले नाही, आणि ज्यांचं देणं सगळ्यात मोठं त्यांनी जन्मात एकही गेम खेळलेला नाही. दक्षिणा कुणीच मागितली नाही, तेव्हा निदान हिशेब तरी लिहून ठेवते.

ज्यांच्या घरात हे खूळ नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शूटरमध्ये आपण पात्राच्या डोळ्यांतून बघतो, पडद्याच्या मधोमध नेमाची खूण असते आणि नजर वळवली की बंदूक वळते. कॉम्प्युटरवर हे काम माऊस करतो. हात जेवढा सरकला तेवढी नजर वळली, हात थांबला की नजर थांबली. कंट्रोलरच्या स्टिकचं तसं नाही. ती कलवली की नजर फिरू लागते, जास्त कलवली की जोरात फिरते, सोडली की थांबते. म्हणजे तुमच्या ताब्यात जागा नसते, फक्त वेग असतो. फिरत्या पंख्याचं एक पातं नेमकं खिडकीसमोर आणून थांबवायचंय आणि हाताशी फक्त रेग्युलेटर आहे, असा हा प्रकार. वर ज्याच्यावर नेम धरायचा तो पळतोय आणि पळता पळता आपल्यालाच गोळ्या घालतोय.

माझ्यापुरती सुरुवात मस्कतच्या मामापासून होते. एका सुट्टीत त्याने निन्टेंडो ६४ आणला आणि सोबत ‘गोल्डनआय ००७’. हा गेम १९९७चा, इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉस नावाच्या खेड्यात ‘रेअर’ कंपनीने केलेला. मार्टिन हॉलिस त्याचा दिग्दर्शक. त्या कंट्रोलरला दांडे तीन आणि स्टिक एकच, मधल्या दांड्यावर. त्या एकाच स्टिकने चालायचं आणि वळायचंही. बाजूला सरकायला, वर-खाली बघायला पिवळी बटणं. पण सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं की खेळण्याच्या आठ पद्धती सापडायच्या, प्रत्येकीला बॉंडपटातल्या एकेका नायिकेचं नाव. शेवटच्या चार पद्धतींना दोन कंट्रोलर लागायचे. दोन मुठींत दोन मधले दांडे, दोन अंगठ्यांखाली दोन स्टिक. दोन स्टिकचा कंट्रोलर बाजारात जेमतेम पाऊल टाकत होता तेव्हाची ही गोष्ट. हाताशी आहे त्याच सामानातून या मंडळींनी पुढची वीस-पंचवीस वर्षं बांधून ठेवली होती आणि मेनूच्या तळाशी गुपचूप ठेवून दिली होती.

आमच्या दादाला ती सापडली. दोन्ही कंट्रोलर त्याच्याकडे गेल्यामुळे माझ्या वाट्याला बघणं आलं, आणि टीव्ही लहान असल्यामुळे मध्ये त्याचं डोकं. मग मी पडद्याऐवजी त्याचे हात बघत बसायचे. पुढे याच कामाचा पगार मिळेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आईने मला अभ्यासाला पिटाळलं नसतं.

त्यातला एक कंट्रोलर वर्ष-दोन वर्षांत ढिला पडला. स्टिक सरळ उभीच राहीना. तो मी टाकून दिला नाही, का ते सांगता यायचं नाही. इंजिनिअरिंग संपवून भोसरीच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये ट्रेनी म्हणून लागले तेव्हा तो माझ्या डब्याच्या पिशवीत होता.

त्या टूलरूममध्ये प्लॅस्टिकचे मोल्ड बनायचे. स्विचची कव्हरं, मिक्सरचे नॉब, मोटारींचे बारीकसारीक पार्ट. तिथले मुख्य फिटर कऱ्हाडकडचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मालकसुद्धा. शिक्षण किती ते कुणी विचारत नसे. बाई माणूस शॉप फ्लोअरवर टिकणार नाही असं बाकीच्यांचं मत होतं आणि ते मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने मांडलं जाई. मास्तरांनी मत दिलं नाही, कानस दिली.

पहिला धडा नखाचा. मोल्डचे दोन भाग जिथे मिटतात तिथे वस्तूवर एक रेघ उमटते, ती पार्टिंग लाइन. दोन भाग किंचित इकडे-तिकडे बसले की त्या रेघेवर पायरी तयार होते. स्विचचं एक कव्हर माझ्या हातात देऊन मास्तर म्हणाले, “डोळे मीट आणि नख फिरव.”

मी फिरवलं.

“कुठली बाजू वर हाय?”

“कोअरची वाटतेय, मास्तर.” कोअर म्हणजे मोल्डचा आतला भाग.

“वाटतेय म्हंजे? परत फिरव. या बाजूनं अडकतंय का त्या बाजूनं, ते बघ.”

एका दिशेने नख गुळगुळीत जात होतं, उलट दिशेने येताना अडत होतं. अडत होतं ती बाजू वर. मग त्यांनी मोल्डच्या एका भागाला निळा रंग अगदी पातळ पुसला, दोन्ही भाग मिटवून पुन्हा उघडले आणि निळं कुठे लागलंय, कुठे नाही ते दाखवलं. जिथे लागलं तिथे दोन-तीन वेळा दगड मारायचा, पुसायचं, पुन्हा निळा लावायचा. पाच शतांश मिलीमीटरची पायरी व्हर्निअरवर बघताना माझी दमछाक व्हायची. मास्तरांच्या नखाला ती जाता जाता सापडायची.

दुसरा धडा त्यांनी कधी धडा म्हणून दिलाच नाही. ड्रॉइंग आलं की मशिन, स्टील, वेळ या कशाच्याही आधी ते विचारायचे, “हे धरणार कोण?” मिक्सरच्या नॉबचे पहिले नमुने निघाले तेव्हा त्यांनी चार खिशात टाकले आणि घरी नेले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, “मंडळी म्हणती, खोबरं वाटताना हात ओला असतो, फिरत न्हाई.” ड्रॉइंगप्रमाणे नॉब बिनचूक होता. गिऱ्हाइकाने तो पासही केला असता. मास्तरांनी खाचा खोल करायला लावल्या आणि त्यासाठी मालकाशी वाद घातला.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तो कंट्रोलर बाहेर काढला.

“काय हे?”

“टीव्हीवरच्या खेळाचं आहे, मास्तर. ही दांडी हलवली की माणूस चालतो.”

त्यांनी स्क्रू काढले, स्टिकचा डबा उघडला आणि आतल्या वाटीत बोट फिरवलं. बोटावर पांढरी पूड आली. निन्टेंडो ६४च्या स्टिकचा हा प्रसिद्ध आजार: दांडीचं टोक प्लॅस्टिकच्या वाटीत घासतं, वाटी झिजते आणि झिजेची पूड आतच साठते. मास्तरांना गेमचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पूड बघून ते म्हणाले, “ज्यानं हे केलं त्याला हात कळतो. पोरांचा राग कळत न्हाई. हरल्यावर पोरगं किती जोरात दाबंल, त्याचा हिशेब न्हाई यात.”

मी पुढे अमेरिकेत एमएस केलं. कंट्रोलरच्या टिकाऊपणावर तिथे आणि नंतर नोकरीत बरंच वाचलं. या दोन वाक्यांच्या पुढे कुणी फारसं गेलेलं दिसलं नाही.

इथल्या कंपनीत मला दुसरी गुरू मिळाली ती प्लेटेस्ट घेणारी बाई. आधी ती टकोमाच्या एका दवाखान्यात हॅन्ड थेरपिस्ट होती, हात मोडलेल्या माणसांना पुन्हा बटण लावायला शिकवायची. खेळणाऱ्यांच्या मागे बसून मी पडद्यावरचे गुण टिपत होते. तिने माझी खुर्ची उचलून त्यांच्या बाजूला, गुडघ्यांच्या पातळीवर ठेवली आणि सांगितलं की गुण मशीन टिपतं, तू हात बघ. दादाच्या वेळची सवय कामी आली.

तिच्यामुळे दिसलेल्या गोष्टी एरवी मला कधीच दिसल्या नसत्या. अंगठा मुळाशी, मनगटाजवळच्या सांध्यावर फिरतो, त्यामुळे तो आडवा सरळ जातच नाही, कमानीत जातो. खेळणाऱ्याला वाटतं आपण नजर आडवी नेली, पण ती किंचित वर किंवा खाली गेलेली असते, आणि पळत्या शत्रूच्या डोक्यावरून नेम सुटतो. माणूस घाबरला की सगळा पंजा आवळतो, आणि आवळलेल्या पंजाचा अंगठा बारीक हालचाल विसरतो. म्हणून कंट्रोलरचं पोट भरीव हवं, म्हणजे मूठ वळायच्या आधी तळव्याला टेकू मिळतो. आणखी एक: पुष्कळ गेममध्ये जवळच्या शत्रूला फटका मारायला उजवी स्टिकच खाली दाबायची असते. ज्या क्षणी नेम सगळ्यात जास्त हवा त्याच क्षणी नेमाच्या दांडीवर सगळं वजन टाकायचं! ही कुणाची कल्पना होती कोण जाणे. रात्री गोदामात काम करून दुपारी आमच्याकडे चाचणीला येणारा एक पोरगा प्रत्येक फेरीनंतर कंट्रोलर मांडीवर ठेवून अंगठ्याचं मूळ चोळायचा. प्रश्नावलीत त्याने ‘आरामदायी’ या खान्यावर खूण केली होती. थेरपिस्ट बाईंनी त्याची प्रश्नावली बाजूला ठेवली आणि चोळण्याची जागा माझ्या हातावर दाबून दाखवली. आमच्या पुढच्या मॉडेलच्या स्टिकची उंची त्या जागेवरून ठरली. स्टिक उंच केली की तेवढ्याच कोनासाठी अंगठ्याला जास्त अंतर जावं लागतं, त्यामुळे बारीक नेम सोपा होतो. फार उंच केली की अंगठ्याचं मूळ दुखतं. मधली जागा शोधणं एवढंच काम, पण ते महिनोन्‌महिने चालतं.

आता न भेटलेल्यांचं. २००० साली लंडनच्या ‘आर्गोनॉट’ने प्लेस्टेशनसाठी ‘एलियन रेझरेक्शन’ काढला. डाव्या स्टिकने चाल, उजव्या स्टिकने नजर. आज कन्सोलवरचा जवळजवळ प्रत्येक शूटर याच रीतीने चालतो. त्या वेळच्या एका परीक्षणात मात्र या भयपटी गेममधली सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे ही रचनाच, असा शेरा होता. त्या समीक्षकाला आता सगळे हसतात. मी हसत नाही. त्याच्या अंगठ्यांनी त्याला खरं तेच सांगितलं होतं. रचना बरोबर होती, पण अंगठ्याला मदत कुणी करत नव्हतं.

मदत आली ती पुढच्या वर्षी, २००१च्या नोव्हेंबरात, एक्सबॉक्ससोबत. ‘बंजी’च्या ‘हेलो’मध्ये नेमाची खूण शत्रूवरून जाऊ लागली की नजरेचा वेग आपोआप मंदावतो. शत्रू बाजूला सरकला तर खूण थोडीशी त्याच्याबरोबर ओढली जाते. गोळी थोडक्यात हुकणार असेल तर ती किंचित वळतेही. आणि हे सगळं इतक्या बेताने, की खेळणाऱ्याला वाटतं नेम माझाच. सुरुवातीला एक तंत्रज्ञ नायकाला दिव्यांकडे बघायला सांगतो. गोष्टीचा भाग वाटतो तो, पण स्टिक वर केल्यावर नजर वर जावी की खाली, ही तुमची सवय तिथेच विचारून घेतली जाते. पुढे त्याच कंपनीच्या जेमी ग्रीझमर यांनी २०१०च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक अख्खं व्याख्यान दिलं ते ‘हेलो ३’मधल्या स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ सेकंदावरून ०.७ करण्यावर. पाव सेकंदाहूनही कमी फरकावर तासभर बोलणारा माणूस बघून मला भोसरीची आठवण झाली. निळा लावा, मिटवा, उघडा, बघा.

माऊसवाले या मदतीला फसवणूक म्हणतात. म्हणोत बापडे. चष्म्याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

आम्ही कंट्रोलरवाले त्या मदतीच्या अलीकडे, हार्डवेअरमध्ये झगडतो. नेहमीच्या स्टिकच्या पोटात दोन इवलेसे पोटेन्शिओमीटर असतात: कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत सरकणारी धातूची जीभ. स्टिक सोडली की ती दर वेळी नेमकी मध्ये परतेलच असं नाही, आणि पट्टा झिजला की हात न लावताही नजर हळूहळू वाहवत जाते. म्हणून मधला भाग मेला आहे असं सॉफ्टवेअरला सांगून ठेवतात. त्याला डेड झोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुट या कंट्रोलर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उजव्या स्टिकसाठी हा आकडा ८६८९ सुचवलेला आहे. पूर्ण कल ३२७६७. म्हणजे जवळपास साडेसव्वीस टक्के हालचाल सरळ फेकून द्यायची. गाड्यांच्या गेममध्ये ते खपून जातं. शूटरमध्ये बारीक नेम नेमका त्या पहिल्या पावात असतो. चुंबक आणि हॉल सेन्सर वापरले तर घासायलाच काही उरत नाही. सेगाच्या ‘ड्रीमकास्ट’ने १९९८ मध्येच ते वापरले होते, पण स्वस्ताईपुढे बाकीच्यांनी वर्षानुवर्षं तिकडे पाठ फिरवली. सेगाच्या त्या इंजिनिअरांची नावं मला माहीत नाहीत. आमची हॉल सेन्सरची स्टिक बाजारात आली तेव्हा ती नवी म्हणून जाहिरात झाली, याची थोडी लाज वाटली.

शेन्झेनच्या कारखान्यात आमच्या एका मॉडेलचे टी-वन, म्हणजे मोल्डमधून निघालेले पहिले नमुने बघायला गेले होते. पार्टिंग लाइन कंट्रोलरच्या पाठीवर बरोबर तिथून जात होती जिथे मधलं बोट टेकतं. मोजमापाचे सगळे आकडे हिरवे. मी डोळे मिटून नख फिरवलं. एका बाजूने अडलं. तीन तास धरून बसणाऱ्याच्या बोटावर ती पायरी लाल रेघ उठवणार. दुभाष्या मला पुन्हा पुन्हा समजावत होता की सगळं मर्यादेत आहे. कोपऱ्यात उभा असलेला वयस्क टूलमेकर पुढे आला, त्याने माझ्या हातातला नमुना घेतला, डोळे मिटले आणि नख फिरवलं. मग दुसऱ्या दिशेने फिरवलं. काही न बोलता तो आत गेला. मी मागोमाग गेले तर मोल्ड बाकावर उघडा पडलेला आणि हा निळ्या रंगाची डबी उघडतोय. आम्हा दोघांत एकही समान शब्द नव्हता. संध्याकाळी नवे नमुने आले त्यांवर नख कुठेच अडलं नाही.

रात्री हॉटेलातून मास्तरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, “दगड कुठला वापरला त्यानं?” मी ते बघितलं नव्हतं. “मग काय बघितलंस पोरी?” असं म्हणून त्यांनी पोराच्या लग्नाचं सांगायला घेतलं.

शेवटचं देणं एका माजी सैनिकाचं. त्याच्या उजव्या हाताला अंगठा नाही. तो कंट्रोलर मांडीवर उपडा ठेवल्यासारखा धरून तर्जनीने नेम धरतो, आणि मी सुरुवातीला म्हटलं तसं, बारीक काम तर्जनीचंच असल्यामुळे आमच्या लॅबमधल्या बहुतेकांना हरवतो. उडी मारायला, गोळ्या भरायला अंगठा स्टिकवरून उचलावा लागू नये म्हणून मागच्या बाजूला पॅडल असतात. ‘स्कफ’सारख्या कंपन्यांनी ते स्पर्धेत खेळणाऱ्यांसाठी विकले, २०१५च्या एक्सबॉक्स एलिट कंट्रोलरने ते दुकानात आणले. या गृहस्थाने सांगितलं की पॅडल आहेत हे ठीक, पण कुठलं पॅडल काय करेल हे तुम्ही का ठरवता? स्टिकची अदलाबदल, प्रत्येक स्टिकचा वेगळा डेड झोन, कल आणि वेग यांचं नातं मंद-तेज करायची सोय, हे सगळं त्याने मागितलं. आमच्याकडे उत्तर होतं की इतके पर्याय दिले तर गिऱ्हाईक गोंधळतं. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, ज्याच्या मागे १९ जॅक आहेत, ज्याला जे जोडता येईल ते जोडा. तो काढताना अपंग खेळाडूंसाठी काम करणाऱ्या ‘एबलगेमर्स’, ‘स्पेशलइफेक्ट’ आणि ‘वॉरफायटर एंगेज्ड’ या संस्थांना सोबत घेतलं होतं. तो कंट्रोलर त्याने आमच्या मीटिंगमध्ये टेबलावर आणून ठेवला. वाद तिथे संपला. आमच्या अ‍ॅपमधलं सेटिंग्जचं पान त्याच्यामुळे आहे, आणि आकडे असं सांगतात की ते वापरणाऱ्या बहुतेकांना दोन्ही अंगठे असावेत.

तेव्हा एक विनंती. तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या हातात शूटर असेल आणि नेम लागत नसेल, तर नवा कंट्रोलर मागवायच्या आधी सेटिंग्जमध्ये जा. डेड झोन थोडा थोडा कमी करा; स्टिक सोडल्यावर नजर आपोआप वाहू लागली की एक पायरी मागे या. नजरेचा वेग उतरवा. पाठीवर पॅडल असतील तर उडी त्यांवर टाका. कंपनीने दिलेली मूळ मांडणी कुणातरी सरासरी अंगठ्यासाठी केलेली असते, आणि तसा अंगठा मी अजून पाहिलेला नाही.